सुई, मांजराचं पिल्लू आणि भरतीचं मेडिकल

सातारा-सांगलीकडे डोळ्याचा एक दोष डॉक्टरांच्या आधी भरतीचं मेडिकल शोधून काढतं. सोळाशे मीटर वेळेत मारलेला, छाती-उंचीत बसलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा तक्त्यासमोर उभा राहतो. एक डोळा झाकला की दुसऱ्याला वरच्या दोन ओळींच्या पुढे काही लागत नाही, चष्मा लावून पाहिला तरी नाही. भिंग स्वच्छ, पडदा ठणठणीत, नसही ठीक, तरी दिसत नाही. ‘डोळ्यात उडाला’ एवढ्या दोन शब्दांत गाव त्याचा निकाल लावतं. या दोषाला मंददृष्टी म्हणतात, बोलताना ‘आळशी डोळा’ किंवा ‘लेझी आय’. शंभर मुलांतल्या एखाद-दोघांना तो असतो. अपशिंगे मिलिटरीसारखं फौजी गाव आणि १९६१ साली निघालेली देशातली पहिली सैनिक शाळा ज्या जिल्ह्यात आहे, तिथे तक्त्यावरच्या दोन ओळींची किंमत वेगळी सांगायला नको.

अशा मुलाच्या घरी हळूहळू सुईचा विषय निघतो. कुणी सांगतं, ॲक्युपंक्चरने मेंदू जागा होतो, चीनमध्ये प्राण्यांवर प्रयोग करून सिद्ध झालंय. दुसरं कुणी ते सगळं थोतांड म्हणून उडवून लावतं. हा वाद वर्षानुवर्षं याच दोन वाक्यांत चालला आहे आणि मला दोन्ही वाक्यं सारखीच उथळ वाटतात. पहिल्याने प्रयोग वाचलेले नसतात आणि दुसऱ्याला ते वाचायची गरज वाटत नाही.

माझं म्हणणं असं आहे. मंददृष्टीच्या प्राण्यांवर गेल्या साठ वर्षांत जे प्रयोग झाले, त्यांनी सुईबद्दल फार थोडं सांगितलं आणि वेळेबद्दल फार मोठं. आपण त्यातलं थोडं तेवढं उचललं आणि मोठं सोडून दिलं. म्हणून ‘सुई चालते का?’ हा प्रश्न निरर्थक नसला तरी रांगेत तो बराच मागचा आहे. तो पुढे घुसल्यामुळे नुकसान होतं ते तीन-चार वर्षांच्या मुलांचं, आणि त्यांची बाजू मांडायला या वादात कुणीच नसतं.

१. मांजराच्या पिल्लांची साक्ष

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी हार्वर्डमध्ये १९६० च्या दशकात केलेला प्रयोग सांगायला सोपा आणि पचायला कठीण आहे. मांजराच्या पिल्लाची एका डोळ्याची पापणी शिवून टाकायची आणि दोन-तीन महिन्यांनी टाके काढायचे. डोळा निरोगी असतो. पण मेंदूच्या मागच्या भागात, दृष्टीचं काम करणाऱ्या पेशींपैकी जवळजवळ कुणीच त्या डोळ्याला प्रतिसाद देत नाही. हे निष्कर्ष १९६३ साली प्रसिद्ध झाले. मोठ्या मांजराची पापणी तितकेच किंवा त्याहून जास्त दिवस शिवली, तर मात्र काही बिघडत नाही. १९७० मध्ये त्यांनी या मुदतीचं वेळापत्रकच मांडलं. पिल्लाच्या चौथ्या आठवड्यात हा हळवा काळ सुरू होतो, चौथ्या-पाचव्या आठवड्यात ऐन भरात असतो आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास संपतो. ऐन भरात असताना पापणी तीन-चार दिवस मिटलेली राहिली तरी नुकसान होतं. या कामासाठी १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं.

याच मालिकेतला आणखी एक प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पिल्लाचे दोन्ही डोळे शिवले तर काय होईल? एका डोळ्याचं एवढं नुकसान, तर दोन्हींचं दुप्पट व्हायला हवं. तसं झालं नाही. दोन्ही डोळे बंद असताना पुष्कळ पेशी कशाबशा का होईना, प्रतिसाद देत राहिल्या. म्हणजे बंद डोळ्याचं खरं नुकसान अंधाराने होत नाही. शेजारचा उघडा डोळा त्याची जागा बळकावतो, त्याने होतं. दोघा भावांतला एक मुंबईला गेला की गावातला दुसरा दरवर्षी नांगरटीला बांध कोरत जातो, तसं हे आहे. परत येणाऱ्याला जमीन कागदावर दिसते, रानात नाही.

आपल्याला लागणारं जवळजवळ सगळं यातून निघतं. एका डोळ्याचा नंबर मोठा आणि दुसऱ्याचा नाही, एक डोळा तिरळा, एका डोळ्यात जन्मतः मोतीबिंदू, अशी कारणं वेगवेगळी असली तरी कमजोर डोळ्याचा बांध कोरला जातो तो एकाच रीतीने. उपायही त्यातूनच येतो. आधी चष्मा किंवा शस्त्रक्रिया करून कमजोर डोळ्यावरचं चित्र स्वच्छ करायचं, मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून त्याला बाजूला बसवायचं. ही पट्टी ह्यूबेल-वीझलची नव्हे. फ्रान्सच्या ब्युफाँने १७४३ सालीच ती सुचवली होती. ती का चालते आणि कधी चालते, हे कळायला मात्र मांजराच्या पिल्लांचे डोळे शिवावे लागले. माणसाच्या मुलात हा काळ आठवड्यांऐवजी वर्षांत मोजतात. पहिली काही वर्षं तो फार हळवा असतो आणि सात-आठ वर्षांपर्यंत हळूहळू ओसरतो.

२. मोतीबिंदूने लावलेली सवय

मग एवढी साधी गोष्ट या दोन जिल्ह्यांत रुजली का नाही? अडाणीपणा हे उत्तर मला पटत नाही. इथे नेत्रोपचाराची परंपरा महाराष्ट्रातल्या बहुतेक भागांपेक्षा जुनी आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून दूरदूरचे लोक डोळ्यांसाठी मिरजेला येत राहिले. पुढे मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, कऱ्हाडला कृष्णा रुग्णालय आलं, गावोगाव नेत्रशिबिरं झाली. आज ज्या घरात कुणा आजी-आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं नाही, असं घर शोधावं लागेल.

अडचण या यशातच आहे. मोतीबिंदूने आपल्याला शिकवलं की डोळ्याच्या बाबतीत उशीर चालतो. ‘पिकू दे, मग काढू’ हे वाक्य पिढ्यान् पिढ्या चाललं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी निभावूनही जायचं. सत्तर वर्षांच्या म्हातारीला पाच वर्षं धूसर दिसत असलं तरी ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली की ती नातवंडांचे चेहरे ओळखते. तिच्या मेंदूतली दृष्टीची मांडणी साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच पक्की झालेली असते, पडदा दूर व्हायचा तेवढा अवकाश. एका डोळ्यात दाट मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळाचं गणित उलटं आहे. तिथे पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत शस्त्रक्रिया व्हावी असं डॉक्टर सांगतात. तेच ऑपरेशन, त्याच हातांनी, सहाव्या वर्षी केलं तर डोळा स्वच्छ होतो, पण त्या डोळ्याने बघायला शिकलेला मेंदू मागे नसतो. आजीचा अनुभव नातवाला लावण्यात आपली फसगत झाली आहे. त्यात काही घरांत तिरळ्या डोळ्याला भाग्याचं लक्षण मानतात, म्हणजे दोष दिसत असूनही दाखवायला न्यायचं कारण उरत नाही.

३. सुईच्या प्रयोगांत काय मोजलं

आता सुईकडे येऊ. चीनमधल्या प्रयोगशाळांनी मांजराची पिल्लं आणि उंदीर घेऊन अशाच प्रकारे एक डोळा शिवला. मग डोळ्याभोवतीच्या आणि इतर ठरावीक बिंदूंवर सुया टोचल्या, कधी त्यांतून सौम्य वीजप्रवाह सोडला, आणि दृष्टीच्या मेंदूत काय बदललं ते मोजलं. डोळ्यासमोर आकृती हलवल्यावर मेंदूत उठणारी विद्युतलहर पाहिली. पेशींच्या वाढीला लागणारी बीडीएनएफ आणि एनजीएफ ही प्रथिनं, एनएमडीए हे ग्राहक, गाबा हे रसायन यांची पातळी पाहिली. सुया टोचलेल्या प्राण्यांत हे आकडे निरोगी प्राण्यांच्या जवळ सरकले, असा या अभ्यासांचा सर्वसाधारण सूर आहे.

हे सगळे आकडे खरे आहेत असं धरून चालू. तरीही ‘मंददृष्टी सुधारली’ या वाक्यापर्यंत पोचायला मधल्या बऱ्याच पायऱ्या गहाळ आहेत.

पहिली पायरी प्रथिनांची. बीडीएनएफ वाढलं म्हणजे चांगलं झालं, असं आपण सहज समजतो. १९९९ साली संशोधकांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्या मेंदूत बीडीएनएफ लहानपणापासूनच जास्त होतं. त्यांचा हळवा काळ लवकर सुरू झाला, आणि लवकर संपलाही. गाबाचंही असंच आहे. ताकाओ हेन्श यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं की गाबा पुरेसं नसलेल्या उंदरांत हा काळ सुरूच होत नाही. पण तोच गाबाचा अंमल पुढे पक्का झाला की मेंदूची बदलण्याची तयारी आवरली जाते. म्हणजे एकच रसायन एका वयात दार उघडतं आणि दुसऱ्या वयात लावतं. ते किती वाढलं हा आकडा, प्राण्याच्या वयाशिवाय आणि त्याला प्रत्यक्ष किती दिसतं याच्याशिवाय, मुका आहे.

दुसरी पायरी वेळेची. पिल्लाचा डोळा हळव्या काळातच उघडला तर सुईशिवायही काही दृष्टी आपोआप परत येते. म्हणून प्रयोग वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की सुई टोचली तेव्हा मुदत संपली होती की नाही? नसेल, तर त्याच दिवशी डोळा उघडलेल्या, पण सुई न टोचलेल्या भावंडांचं काय झालं?

तिसरी पायरी मला सगळ्यांत रंजक वाटते. प्रौढ उंदरांत मंददृष्टी मागे फिरवणाऱ्या गोष्टींची यादी आता बरीच लांब झाली आहे. २००६ मध्ये उंदरांना काही दिवस पूर्ण अंधारात ठेवून मेंदूची लवचिकता परत आणली गेली. २००७ मध्ये मोठा पिंजरा, खेळणी आणि सोबती एवढ्या भांडवलावर ते साधलं. २०१४ मध्ये कानेको आणि स्ट्रायकर यांनी दाखवलं की समोर चित्र असताना उंदीर पळाला तर दृष्टी भराभर सावरते. नुसतं पळून नाही, नुसतं बघूनही नाही, दोन्ही एकदम हवं. म्हणजे प्राण्याला जागं करणारी, हलवणारी कोणतीही गोष्ट दृष्टीच्या मेंदूवर परिणाम करू शकते. मग रोज हातात धरणं, बांधून ठेवणं, टोचणं, वीज देणं यातला कोणता भाग काम करून गेला? तो ठरावीक बिंदू, की नुसती टोचणी, की माणसाचा हात? हे वेगळं काढायचं तर एका गटाला भलत्याच जागी सुई टोचावी लागेल, एकाला नुसतं तितकाच वेळ धरून ठेवावं लागेल, आणि लहरी वाचणाऱ्याला कोणता प्राणी कुठल्या गटातला हे माहीत नसावं लागेल.

बिंदूच्या नेमकेपणाबद्दल एक हकीकत इथे सांगायलाच हवी. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक निबंध आला. पायाच्या करंगळीजवळ, परंपरेने डोळ्यांशी जोडलेल्या बिंदूवर सुई टोचली की मेंदूचा दृष्टीचा भाग उजळतो, असं त्यात एमआरआयवर दाखवलं होतं. तो निबंध जगभर गाजला, सुईच्या समर्थकांनी त्याचा दाखला वर्षानुवर्षं दिला. २००६ साली त्याच्या लेखकांपैकी अनेकांनीच तो मागे घेतला, कारण बिंदू आणि मेंदूचा भाग यांचं असं नेमकं नातं आता त्यांना मान्य नव्हतं. दाखला मात्र अजून फिरतो आहे.

शेवटची पायरी प्रत्यक्ष दिसण्याची. मांजराला किती बारीक रेघा दिसतात हे मोजायची चांगली पद्धत १९७० च्या दशकापासून आहे. उंचावरून दोन फळ्यांपैकी रेघांच्या फळीवर उडी मारायला पिल्लाला शिकवतात आणि रेघा बारीक करत नेतात. उंदराला त्यासाठी पाण्यात पोहायला लावतात. विद्युतलहरीपेक्षा ही कसोटी कडक आहे, कारण इथे प्राणी स्वतः सांगतो. शिवाय उंदराची नजर मुळातच अंधुक, माणसाच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याची. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना आणि दोन डोळ्यांचं सामायिक क्षेत्र लहान. दोन डोळ्यांच्या भांडणाचा दोष अशा प्राण्यात सुधारला, तर त्यावरून मुलाबद्दल बोलताना हात आखडता घ्यावा लागतो.

४. ‘जनावर खोटं बोलत नाही’

सुईच्या बाजूचा सर्वांत भक्कम वाटणारा मुद्दा हा आहे. माणसाला विश्वासाने बरं वाटेल. उंदराला, मांजराला कसला विश्वास? हा युक्तिवाद आपल्याकडे नवा नाही. बैलाच्या खांद्याला डाग दिला, बैल चार दिवसांनी चालायला लागला, म्हणजे डाग लागू पडला, ही तीच तर्कसरणी. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनाही वाड्यावस्त्यांवर ती रोज ऐकावी लागत असेल.

उत्तर असं, की जनावराला विश्वास नसला तरी त्याच्याकडे बघणाऱ्याला असतो. २०१२ साली अमेरिकेत सांधेदुखीच्या कुत्र्यांवर एक अभ्यास झाला. कुत्री नकली औषधाच्या गटातली होती, आणि त्यांच्या पायांचा भार यंत्रावर मोजलेला होता. यंत्रात फरक नसताना बऱ्याच मालकांना कुत्रं सुधारलेलं दिसलं, आणि पशुवैद्यांनाही. पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणारा संशोधक या पशुवैद्यांहून वेगळ्या मातीचा नसतो. म्हणून प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी २०१० मध्ये जे लेखननियम ठरले, त्यांत गट चिठ्ठ्या टाकून पाडले का, मोजणाऱ्यापासून गट लपवले का, प्राण्यांची संख्या आधी ठरवली होती का, हे स्पष्ट लिहायला सांगितलं आहे. त्याच चिंतेची मोठ्या प्रमाणावरची खूण १९९८ मध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसली. माणसांवरच्या ॲक्युपंक्चर चाचण्या देशवार लावल्या तेव्हा चीनमधून आलेली एकूण एक चाचणी यशस्वी निघाली. कुठल्याही चांगल्या औषधाच्या सगळ्याच चाचण्या यशस्वी होत नाहीत; होत असतील तर अयशस्वी ठरलेल्या कुठल्यातरी कपाटात असतात.

आणि यात नैतिक बाजू आहे, ती मला बाजूला टाकता येत नाही. प्रत्येक शिवलेली पापणी ही एका प्राण्याने दिलेली किंमत आहे. तिच्या बदल्यात ह्यूबेल-वीझलने जगाला मुदतीचं वेळापत्रक दिलं. तुलनेचा धड गटही न ठेवता केलेल्या प्रयोगात तीच किंमत मोजली जाते आणि हाती काही येत नाही.

५. ‘मग हाँगकाँगच्या चाचणीचं काय?’

आक्षेप रास्त आहे, आणि थोतांडवाल्यांनी तो टाळू नये. हाँगकाँगच्या डेनिस लॅम यांच्या गटाने चीनमधल्या शांतोऊ इथे ७ ते १२ वर्षांच्या ८८ मुलांवर केलेली चाचणी २०१० साली प्रतिष्ठित नेत्रवैद्यकीय नियतकालिकात आली. दोन डोळ्यांच्या नंबरांतल्या फरकामुळे मंददृष्टी असलेली ही मुलं. निम्म्यांना रोज दोन तास पट्टी, निम्म्यांना आठवड्यातून पाच वेळा सुया. १५ आठवड्यांनी पट्टीच्या गटात सरासरी १.८३ ओळींची सुधारणा होती, सुईच्या गटात २.२७. गटाने पुढे आणखी लहान मुलांवरही चष्म्याच्या जोडीला सुई देऊन चाचणी केली, तिचाही निकाल सुईच्या बाजूने होता.

हे आकडे मी गंभीरपणे घेतो, पण पूर्ण वाचून. दोन्ही गटांतली सगळी मुलं कायम चष्मा लावत होती आणि रोज एक तास जवळचं बारीक काम करत होती. खोट्या सुईचा गट नव्हता, म्हणून आठवड्यातून पाच दिवस मोठ्या माणसांनी मुलाकडे दिलेलं लक्ष आणि सुई यांचा हिशोब वेगळा होत नाही. चष्म्याची ताकद तर आपण नेहमीच कमी लेखतो. २००६ साली अमेरिकेतल्या अभ्यासात ३ ते ७ वर्षांच्या मुलांना नुसता बरोबर नंबरचा चष्मा दिला, तेव्हा चारांतल्या तिघांची नजर दोन ओळींनी किंवा अधिक सुधारली आणि चारांतल्या एकाची मंददृष्टी पट्टी न लावताच संपली. तेव्हा या चाचण्यांचा माझ्या लेखी अर्थ एवढाच की सुईचा विषय पुढच्या, नीट बेतलेल्या चाचणीला पात्र आहे. गावात शिबिराचा फलक लावायला तो पुरेसा नाही.

६. ‘ॲलोपॅथीला वेगळा न्याय लावता’

वेगळा लावत नाही. पार्किन्सनसाठी वापरलं जाणारं लेव्होडोपा मंददृष्टीला उपयोगी पडेल, असं बरीच वर्षं वाटत होतं. त्यामागे मेंदूतल्या डोपामिनचं छान स्पष्टीकरणही होतं. २०१५ मध्ये ते नकली गोळीशी तोलून पाहिलं, दोन्ही गटांत पट्टी होतीच. फरक इतका किरकोळ निघाला की त्याला अर्थ उरला नाही. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाने २००८ मध्ये प्रौढ उंदरांची मंददृष्टी मागे फिरवली होती. तो शोध मोठा होता आणि प्रयोगही चोख होता. दहा वर्षांनी प्रौढ माणसांवर नकली गोळीशी तुलना झाली, तेव्हा दोन्ही गट सरावाने सारखेच सुधारले. उंदरापासून माणसापर्यंतच्या वाटेत मोठमोठ्या कंपन्यांची औषधं पडली आहेत. त्या चाळणीतून सुईला सूट का द्यायची?

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे, आणि ते योग्यच झालं. सुई कुणी टोचावी, हे त्याने ठरतं. सुई कोणता आजार बरा करते, हे कायद्याने ठरत नसतं. या पद्धतीला आपल्याकडे जो जिव्हाळा मिळाला, त्यात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मृतीचाही वाटा आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये जाऊन ही विद्या शिकून घेतली आणि भारतात आणली. स्वतः कोटणीस मात्र युद्धाच्या आघाडीवर शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक होते.

७. ‘सुईने नुकसान काय?’

सुईने होणारं नुकसान बहुधा किरकोळ असतं. नुकसान होतं ते वेळेचं. वर सांगितलेल्या चाचणीतल्या उपचाराचा हिशोब करा. आठवड्याला पाच, पंधरा आठवडे, म्हणजे ७५ खेपा. जतच्या किंवा माणच्या एखाद्या वाडीवरून आईने पोराला घेऊन तालुक्याच्या गावी ७५ वेळा यायचं, बुडालेला रोज आणि एसटीचं भाडं धरायचं. त्याच काळात चष्मा-पट्टीचा उपचार घरात बसून होतो.

पट्टी सोपी आहे असं मी म्हणणार नाही. मूल ती ओढून काढतं, शाळेत चिडवतात, चांगला डोळा झाकल्यावर त्याला खरोखरच दिसत नाही म्हणून ते रडतं. सुईकडे ओढा असण्याचं हेही एक कारण आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. पण पट्टी सोसत नसेल तर चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब टाकून तो डोळा तात्पुरता धूसर करता येतो, आणि बऱ्याच मुलांत त्याचा परिणाम पट्टीच्या तोडीचा येतो. मध्यम मंददृष्टीत सहा तासांच्या पट्टीइतकंच काम दोन तासांच्या पट्टीने होतं, हेही २००३ सालच्या चाचणीत दिसलं आहे.

मोठ्या मुलांचं काय? इथे मी निराशा पसरवत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३ ते १७ वर्षांच्या, आधी पट्टी किंवा ॲट्रोपिनचा उपचार न झालेल्या मुलांपैकी चष्मा-पट्टी घेतलेली जवळजवळ निम्मी सुधारली. नुसत्या चष्म्यावर पाचांतलं एक. म्हणजे अठराव्या वर्षीही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन प्रयत्न करण्यात अर्थ आहे. सुधारणा म्हणजे ६/६ नव्हे, आणि भरतीची वयोमर्यादा मेंदूसाठी थांबत नाही, एवढं मुलाला आधी सांगायला हवं. कुणाला सुईवर तरीही श्रद्धा असेल तर त्याने एवढं करावं: आधी आणि नंतर, चांगला डोळा पूर्ण झाकून, त्याच तक्त्यावर, त्याच अंतरावरून, सुई टोचणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कुणाकडून नजर मोजून घ्यावी.

८. मुदत कुठे हुकते

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याच्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासायचं असतं. नजरेचे दोष त्या यादीत आहेत. कागदावर ही रचना मुदतीला धरून आहे. पण एकाच वेळी कुपोषण, दात, कान, हृदय असं सगळं बघायचं असताना तीन वर्षांच्या मुलाचा एकेक डोळा वेगळा झाकून बघायला किती वेळ उरतो? दोन्ही डोळे उघडे असताना मंददृष्टीचं मूल सगळं नीट करतं, चांगला डोळा त्याचं काम भागवत असतो. म्हणून वरवरच्या तपासणीतून नेमकं तेच निसटतं.

आणि जी मुलं गावात नसतातच, त्यांचं तर विचारू नका. माण आणि जतकडचे मेंढपाळ कळपांमागे निघतात. खानापूर-आटपाडीची सोनं-चांदी गाळायची गलाई करणारी घरं देशभर पसरलेली असतात, मूल दोन शाळांच्या मध्ये असतं. बीड, अहिल्यानगरकडून कृष्णाकाठच्या कारखान्यांना ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांबरोबर हजारो लहान मुलं येतात, आणि ती ना तिकडच्या अंगणवाडीत सापडतात ना इकडच्या. नेमकी तीन ते सहा वर्षांची ही मुलं असतात.

त्यांच्यासाठी यंत्रं लागत नाहीत. बोलू न शकणाऱ्या मुलाचा एक डोळा तळहाताने झाकावा, मग दुसरा. एक डोळा झाकल्यावर मूल शांत राहिलं आणि दुसरा झाकल्यावर हात झटकून रडायला लागलं, तर जो झाकल्यावर ते शांत राहिलं तो डोळा कमजोर असण्याची शंका घ्यायची. मूल चार वर्षांचं असेल तर इंग्रजी ई चं तोंड कुठे आहे ते बोटांनी दाखवायला सांगायचं, प्रत्येक डोळ्याने वेगळं. हे अंगणवाडी सेविकेला एका दुपारी शिकवता येतं. शंका आली की मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा इथे थेंब टाकून नंबर काढायची सोय आहे. ऊसतोडीच्या अड्ड्यांवर ही तपासणी नोव्हेंबरमध्ये, गाळप सुरू झाल्याच्या पंधरवड्यात व्हायला हवी, म्हणजे चष्मा मिळून त्याची एक फेरतपासणी हंगामातच होईल. मार्चमध्ये पथक पोचेपर्यंत कोप्या मोडायला लागलेल्या असतात.